मुक्या पंगतीतली कस्तुरक्का

उमरीहून भोकरकडं निघालं की अर्ध्या वाटेत डाव्या हाताला एक कच्चा रस्ता माळावर चढतो. त्या माळावर फादर लोकांचा मठ आहे. फाट्यावरच्या पाटीवर मठाचं नाव चांगलं तीन ओळींचं आहे, पण ते अजून कुणी शेवटपर्यंत वाचलेलं ऐकिवात नाही. खाली 'सर्वांचे स्वागत आहे' असं लिहिलंय, तेवढं सगळ्यांना पाठ. आता स्वागत सर्वांचं आहे हे खरं, पण ते करतं कोण, हे काही पाटीवर नाही. ते करते कस्तुरक्का.

कस्तुरक्का म्हणजे माणिकप्पाची बायको कस्तुराबाई. माणिकप्पा मठाच्या गाई बघतो आणि ही मठाची चूल. वय विचारलं तर म्हणते, "भूकंप झाला तवा माझं लगीन होऊन दोन वर्सं झालती, आता तुमीच बगा." घर लिंगायताचं. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूतीची तीन बोटं. माहेर देगलूरच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून सगळे तिला अक्का म्हणतात. मोठे फादर मथाई, जे मठाचे मुख्य आणि तिच्याहून वीस वर्षांनी थोरले, तेसुद्धा अक्काच म्हणतात.

आता लिंगायताची बाई फादर लोकांच्या मठात कशी, असं तुम्ही विचाराल. गाव तर एकोणीस वर्षांपूर्वीच विचारून थकलं. झालं असं की हा मठ नवा असताना फादर मथाई आणि त्यांचे एक जोडीदार माळावर पत्र्याच्या खोलीत राहायचे आणि हाताने रांधायचे. अक्का शेताकडं निघाली होती. वाटेत करपल्या भाताचा वास आला. दुसरी कुणी नाकाला पदर लावून पुढं गेली असती. ही सरळ आत शिरली, चुलीवरचं पातेलं उतरवलं, दोघांना बाजूला बसा म्हणाली आणि पीठ कुठं आहे ते विचारलं. त्या दिवशी जी शिरली ती शिरली.

घरी सासूनं आदळआपट केली तेव्हा तिचं उत्तर तयार होतं. "हे बी स्वामीच की. निस्तं कापड येगळं हाय." तिचा बाप गुरुबसप्पा माहेरच्या मठात दासोहाला वाढपी असायचा. दासोह म्हणजे येईल त्याला जेवू घालायचं, कोण, कुठला, कशाला आला ते विचारायचं नाही. हजार हजार माणसांच्या पंगतीत तो दुरडी घेऊन फिरायचा आणि कुणाच्या पोटात किती जागा उरली आहे ते लांबून सांगायचा. हे कसब पोरीत उतरलं होतं. वाढणं म्हणजे काय ते अक्काला बापाकडून कळलं, आणि आग्रह म्हणजे काय ते तर आपल्याकडं पाळण्यातच कळतं.

पण मठाची पंगत मुकी. तिथं जेवताना बोलायचं नाही असा नियम. सहा फादर-ब्रदर आणि असतील तेवढे पाहुणे खाली मान घालून जेवतात, आणि त्यांच्यातला एकजण कोपऱ्यातल्या उंच मेजाशी उभा राहून पुस्तक वाचतो. पाहुणे यायचे ते याच शांततेसाठी. नांदेडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई यायच्या, हैदराबादचे कॉम्प्युटरवाले यायचे, लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून घसा बसलेले अण्णाराव सर तर दर महिन्याला यायचे. सगळ्या जातीधर्माचे. चार दिवस गप्प राहायचे आणि ताजेतवाने होऊन परत बोलायला जायचे.

आता सांगा, न बोलता आग्रह कसा करायचा? 'घ्या की, एवढ्यानं काय होतंय', 'अर्धीच हाय', 'आमच्या हातचं गोड लागंना का' हे सगळं गिळून नुसती भाकरी वाढायची? पहिल्या महिन्यात अक्काचा घसा दुखला, तोही न बोलण्यानं. पुढं तिनं त्याच्यावर इलाज काढला. तोंड बंद तर बंद, ती हात वाचायला लागली. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो ना, त्याची बोटं बघायची. बोटं एकमेकांना गच्च चिकटलेली असली तर पोट खरंच भरलंय. बोटांत फट दिसली तर हात नुसता रीतीचा आहे, एक भाकरी सहज जाते. अक्का म्हणायची, एकोणीस वर्षांत आपलं एकदाही चुकलं नाही. माणिकप्पाच्या मते दोनदा चुकलं आणि दोन्ही वेळेला त्याच्याच ताटावर.

मागच्या नाताळानंतर मठात ब्रदर ऑल्विन आले. वसईकडचे, पस्तिशीच्या आतले, बोलायला गोड. साधू व्हायच्या आधी दोन वर्षं हॉटेलच्या धंद्याचं शिक्षण घेतलेले, म्हणून फादर मथाईंनी पाहुण्यांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं दिली. पहिल्याच दुपारी ब्रदर पंगतीत बसले. अंबाडीची भाजी, वरण, ठेचा, ज्वारीची भाकरी.

आता मठाचा एक नियम आहे की ताटात पडलेलं टाकायचं नाही, सगळं संपवायचं. आणि आपल्याकडचा नियम तुम्हाला माहीत आहेच की रिकामं ताट दिसलं की वाढायचं. हे दोन नियम त्या दिवशी समोरासमोर आले. ब्रदरनी दोन भाकरी खाल्ल्या आणि नको म्हणून हात आडवा धरला, पण नवा माणूस, हात जरा सैल. अक्काला फट दिसली. भाकरी पडली. पडली म्हणून ब्रदरनी ती संपवली. ताट रिकामं झालं म्हणून अक्कानं वाढली. वाढली म्हणून त्यांनी खाल्ली. बोलायची सोय नाही. सहाव्या भाकरीला ब्रदरचे डोळे पाण्यानं भरले, ते ठेच्यानं भरले असं समजून अक्कानं वर दही घातलं. घरी जाऊन ती कौतुकानं म्हणाली, "नवं माणूस लई खाणारं हाय बगा. असं पाहिजे." ते खाणारं माणूस दोन दिवस लिंबूपाण्यावर होतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस फादर लोकांचा उपवासाचा काळ असतो आणि हा पहिला दिवस तर फार कडक. एरवी त्या दिवशी फादर मथाई अक्काला सुट्टी द्यायचे आणि आपले पाव-पाण्यावर राहायचे. यंदा मात्र अकरा पाहुणे होते.

"अक्का, उद्या उपवास आहे," ब्रदर ऑल्विन म्हणाले. "आमचा आणि पाहुण्यांचाही. काहीतरी उपवासाचं करा. साधंच."

"सगळ्यांचाच हाय का उपास?"

"सगळ्यांचाच."

"मग काई फिकीर करू नका," अक्का म्हणाली. एवढ्या वर्षांत फादर लोकांना एकदाचा रीतसर उपवास करावासा वाटला, याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होती. भगर होती, तिच्यावर शेंगदाण्याची आमटी होती. बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, रताळ्याचा तुपातला किस, राजगिऱ्याचे लाडू आणि मठ्ठा. मोठे फादर पुस्तक वाचायला उभे होते, आणि त्या दिवसाचा पाठ होता तो येशूनं चाळीस दिवस रानात अन्नाशिवाय कसे काढले त्याचा. खाली अक्का दुरडी आणि पळी घेऊन फिरत होती. ताटात पडलेलं टाकायचं नाही. तीनच्या प्रार्थनेला देवळात जे घोरणं सुरू झालं ते अण्णाराव सरांचं होतं असं सगळे म्हणतात, पण माणिकप्पा म्हणतो त्याला निदान तीन आवाज ओळखू आले.

ब्रदर ऑल्विन चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळं होता आलं असतं. ते हसले, अक्काच्या हातचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणघराच्या भिंतीला एक लांब टेबल लावलं. टेबलावर झाकणांची भांडी, आणि वर पाटी: 'हवे तेवढेच घ्या.'

"आपलं आपण घ्यायचं," त्यांनी समजावलं. "कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. तुम्हालाही आराम. तुम्ही फक्त आत स्वयंपाक करा."

"आन् वाढायचं कोन?"

"कुणीच नाही."

अक्का थेट फादर मथाईंकडं गेली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि पुस्तकी मराठीत निकाल दिला. "ईस्टरपर्यंत ब्रदरच्या पद्धतीने करून पाहू. तोपर्यंत अक्का, आपण जेवणघरात पाऊल टाकायचे नाही. टाकले तर ही पद्धत कायमची झाली असे समजा."

"ठीक हाय," अक्का म्हणाली. "कायमची झाली तर मी बी घरी बसते. निस्तं रांधायला तुमाला कुनी बी मिळंल."

ती हे रागात बोलली, पण बोलली ते खरं होतं. रात्रंदिवस घोळत होतं तिच्या डोक्यात. एकोणीस वर्षं ज्या हातांनी माणसं ओळखली ते हात आता झाकणाच्या भांड्यात भाजी ओतून मागं फिरायचे. तिला अपमान वाटला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ती माणिकप्पाला म्हणाली, "पावना आपल्या हातानं घेऊन जेवला, तर तो जेवला का चरला?" माणिकप्पा गाईंचा माणूस, त्यानं चरण्यात काय वाईट असं विचारलं आणि त्या दिवशी त्याला भाकरी गार मिळाली.

पण हुकूम तो हुकूम. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यात एक जाळीची खिडकी होती. अक्का तिच्याआड स्टूल टाकून बसायची आणि बघायची. अण्णाराव सर तीनदा उठून घ्यायचे, त्यांना काही फरक पडला नाही. नर्सबाई मात्र अर्धी भाकरी घेऊन बसायच्या. परत उठून घेणं बरं दिसत नाही ना. अक्काला जाळीतून त्यांची भूक दिसायची आणि जीव तळमळायचा. मग चार वाजता नर्सबाई सहज फिरत फिरत स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी यायच्या, आणि तिथं सहज एक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा असायचा. मागच्या दाराला येऊ नका असं काही फादर म्हणाले नव्हते. हळूहळू ही बातमी पाहुण्यांत पसरली. ब्रदर ऑल्विन मोठ्या फादरना सांगायचे की नवी पद्धत उत्तम चालली आहे, अन्न अजिबात वाया जात नाही. ते खरंच होतं. उरलेलं सगळं मागच्या दारानं जात होतं.

पाचव्या आठवड्यात वसईहून फोन आला. ब्रदरची आई गेली. ते त्याच गाडीनं गेले आणि सहा दिवसांनी परत आले. घंटेच्या ठोक्याला प्रार्थनेत हजर, पाहुण्यांच्या खोल्या बघितल्या, सगळ्यांशी हसून बोलले. अक्कानं हात जोडले तर म्हणाले, "वय झालं होतं, अक्का. देवाची इच्छा."

त्या दुपारी जाळीआडून अक्कानं बघितलं. ब्रदरनी ताट घेतलं, टेबलापाशी न जाता जागेवर जाऊन बसले, पेलाभर पाणी पिऊन उठले. रात्रीही तेच. दुसऱ्या दिवशी तेच. धुवायला आलेलं ताट कोरडं ठणठणीत.

"ब्रदर लई कडक उपास करून राहिले," माणिकप्पा आदरानं म्हणाला. मठात सगळ्यांना तसंच वाटत होतं. ईस्टर जवळ आला होता, या दिवसांत कुणी जास्त उपवास धरला तर त्याला विचारायची पद्धत नाही. उलट एका धाकट्या ब्रदरनं त्यांचं बघून आपलीही भाजी सोडली.

"उपास न्हाई त्यो," अक्का म्हणाली.

"तुला काय ठावं?"

"उपासवाला मानूस ताटाकडं बगत न्हाई. ह्ये ताटाकडं बगत बसतंय. उठून घ्यावं वाटंना गेलंय त्याला."

तिला ठाऊक होतं, कारण गुरुबसप्पा गेला तेव्हा हजारांना वाढणाऱ्या त्या माणसाच्या पोरीला समोरच्या टोपल्यातली भाकरी उचलता आली नव्हती. हात उठत नव्हता. आपल्याकडं म्हणूनच तर मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारची, भावकीतली माणसं पिठलं-भाकरी घेऊन येतात, समोर बसतात आणि बळंच खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. आपल्या हातानं घ्यायचा नसतोच तो, दुसऱ्यानं द्यायचा असतो. ह्या पोराला दिला का कुणी? तिकडं त्यांच्यात रीत असेल, नसेल. इथं तर भावकी म्हणजे पाच साधू, आणि पाचही जण खाली मान घालून जेवून राहिलेत.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं बेसन कालवलं. ईस्टरला अकरा दिवस होते. माणिकप्पा दूध घेऊन आला, त्यानं पिठलं बघितलं, बायकोचं तोंड बघितलं आणि काय होणार ते ओळखलं.

"कस्तुरा, अकरा दिस ऱ्हायलेत. कळ काढ की जरा. एकोणीस वर्सांचं घालवतीस का?"

"तवर त्यो ऱ्हायला पायजे ना," ती म्हणाली.

दुपारी फादर मथाई पुस्तक वाचत होते. सगळे जेवत होते. दार उघडलं आणि अक्का एका हातात दुरडी, एका हातात पिठल्याचं भांडं घेऊन आत आली. फादरचं वाचन वाक्याच्या मधेच थांबलं. अण्णाराव सरांचा घास हातात राहिला. अक्का टेबलाच्या पाटीसमोरून चालत गेली आणि ब्रदर ऑल्विनच्या पुढ्यात उभी राहिली. तिनं भाकरी उचलली.

ब्रदरनी वर न बघता ताटावर हात आडवा धरला.

अक्कानं बोटं बघितली. बोटं गच्च चिकटलेली होती. एकोणीस वर्षांत तिनं अशा हाताच्या पलीकडं कधी वाढलं नव्हतं. तो तिचाही नियम होता. ती भाकरी धरून उभी राहिली. फादरनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचायला सुरुवात केली, पण आवाज जरा हलका केला. एक पान झालं. अक्काचा खांदा भरून आला, तरी ती मागं सरकली नाही.

मग ती बोलली. त्या जेवणघरात तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

"घ्या की, लेकरा," ती म्हणाली. "एवढ्यानं काय होतंय. अर्धीच हाय."

ब्रदरची बोटं आधी थोडी हलली. मग अंगठ्याशेजारच्या बोटाला फट पडली. मग हातच बाजूला झाला. अक्कानं अर्धी भाकरी वाढली, तिच्यावर पिठलं घातलं आणि समोर खाली बसली, कडू घास देणाऱ्यानं बसायचं असतं तशी. ब्रदरनी पहिला घास तोंडात घातला आणि ते रडायला लागले, लहान पोर रडतं तसं, खात खात. अक्कानं डोळे पुसायला कमरेची दस्ती काढून दिली. अर्धी संपल्यावर तिनं उरलेली अर्धी वाढली. वाचन कधी बंद झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी फादर मथाईंनी तिला बोलावलं. "अक्का, आपण जेवणघरात आलात. शिवाय बोललात."

"हाव."

"निकाल काय ठरला होता?"

"मला ठावं हाय," अक्का म्हणाली. "ईस्टरच्या पोळ्या करून देते आन् जाते. पुरनाची डाळ मागच्याच आठवड्यात सांगून ठिवलीय." ती घरी आली आणि माणिकप्पाजवळ बसून रडली. केलं त्याचं तिला दुःख नव्हतं. पण पंगत सुटणार म्हणून काळीज तुटत होतं, आणि तसं तिनं त्याला सांगितलं. माणिकप्पानं त्या दिवशी स्वतः चहा केला. तो वाईट झाला होता, तरी ती प्यायली.

ईस्टरच्या दिवशी पहाटेपासून तिनं साठ पोळ्या लाटल्या. सणाच्या दिवशी मठात जेवताना बोलायला मुभा असते, त्यामुळं जेवणघरात गलका होता. पोळ्यांची दुरडी दाराशी ठेवून, पदर खोचून ती मागच्या दारानं निघाली, तर मोठे फादर दारात उभे.

"कुठे?"

"घरी."

"आधी आत चला. माणिकप्पा बसले आहेत."

आत भिंतीशी टेबल नव्हतं. पाटीही नव्हती. सतरंज्या अंथरलेल्या, पंगत मांडलेली, आणि माणिकप्पाच्या शेजारी एक ताट रिकामं. एकोणीस वर्षांत अक्का त्या पंगतीला कधी बसली नव्हती. तिला धरून बसवावं लागलं. खाली बसल्यावर हातांचं काय करावं ते तिला कळेना.

ब्रदर ऑल्विन कमरेला पंचा बांधून दुरडी घेऊन आले. वाकायची पद्धत चुकत होती, दुरडी उजव्या हातात होती ती डाव्या हातात पाहिजे होती, पण अक्का काही बोलली नाही. त्यांनी तिला पोळी वाढली, वर तूप घातलं. तिनं ती कशीबशी संपवली. ब्रदर परत आले तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला आणि बोटं चांगली गच्च मिटून घेतली.

ब्रदर वाकून तिच्या बोटांकडं बघत राहिले.

"घ्या की, अक्का," ते म्हणाले. "एवढ्यानं काय होतंय?"

अक्कानं खाली बघितलं. बोटं तिचीच होती, पण तिचं न ऐकता त्यांच्यात फट पडली होती. ब्रदरनी पोळी वाढली, आणि उद्यापासून मी दुरडी धरतो, तुम्ही वाढा, असं सांगून ते माणिकप्पाकडं वळले.